भंगारातलं इंजिन

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवायला मी बसलेलो नाही. ज्यांना हसायचं आहे त्यांनी खुशाल हसावं. गेल्या वर्षापर्यंत असलं काही वाचून मीही हसायचो.

आणि यात मध्यरात्र नाही, स्मशान नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. मे महिन्याची अठरा तारीख. मारेगाव तालुक्यातलं आमचं गाव, आमचंच अंगण.

आम्ही दोघे भाऊ. मोठा धम्मदीपदादा, आसपासच्या गावांत नावाजलेला मिस्त्री. मी ड्रायव्हर. घरात दादा, ममतावहिनी आणि मी, तिघंच. आमच्याकडे लांब नाकाचा एक जुना ट्रक होता. हंगामात त्यात कापूस भरून जिनिंगला न्यायचा, एरवी मिळेल तो माल. त्या उन्हाळ्यात मुकुटबनच्या रस्त्यावर त्याचं इंजिन बसलं. दादाने उघडून पाहिलं आणि नुसती मान हलवली.

मग एका भंगारवाल्याकडून जुनं डिझेल इंजिन मी शोधून आणलं.

मीच आणलं.

कडुनिंबाखाली ट्रक उभा केला. फांदीला चेनकुप्पी अडकवून जुनं इंजिन उचलून बाहेर काढलं. भंगारातलं आत सोडण्याआधी दादा ते पुसायला बसला, तेव्हा त्याला पंख्याच्या मुळाशी काहीतरी चिकटलेलं दिसलं...

कापड होतं. गोल गोल गुंडाळलेलं, तेलात शिजून काळं पडलेलं. दादाने हॅक्सॉच्या पात्याने ते कापून काढलं.

"कोनाचा तरी दुपट्टा दिसते," तो म्हणाला आणि फेकून दिलं.

आता दादाचा एक नियम सांगतो, तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ट्रकचं नाक, म्हणजे बॉनेट, उघडलं की केबिनमधून समोरचं काहीच दिसत नाही. म्हणून सेल्फ मारण्याआधी केबिनमधल्याने विचारायचं, "हात?" इंजिनापाशी असलेल्याने स्वतःचे हात काढून सांगायचं, "बाहेर." तो शब्द कानावर आल्याशिवाय इंजिन चालू करायच्या बटणाला बोटही लावायचं नाही. पंधरा वर्षांत आम्ही हा नियम एकदाही मोडला नाही.

त्या दिवशीसुद्धा नाही.

सतरा तारखेची गोष्ट. दादा रेडिएटरचा पाइप आणायला मोटरसायकलने मारेगावला गेला होता. मी केबिनमध्ये वायरी जोडत होतो. बाहेर चिटपाखरू नव्हतं. वायर जोडून झाली, सेल्फ उचलतो का बघावं म्हटलं. सवयीने तोंडातून निघालं, "हात?"

"बाहेर."

दादाचाच आवाज. मी सेल्फ मारला, इंजिन अर्धं फिरलं. पाइप मिळाला का, असं विचारत मी खाली उतरलो...

समोर कुणीच नव्हतं.

ट्रकखाली वाकून पाहिलं. घरामागे जाऊन आलो. मोटरसायकल नव्हती. वहिनी आत झोपली होती. 

वीस मिनिटांनी दादा आला. पाइप खांद्यावर, गळ्यातला दुपट्टा घामाने ओला.

मी त्याला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं ते ऐका. आम्ही बौद्ध. ट्रक घेतला तेव्हा आधीच्या मालकाने बांधलेलं लिंबू-मिरची दादाने पहिल्याच दिवशी तोडून फेकलं होतं. भुताखेताचं नाव काढलं असतं, तर चहाच्या टपरीवर महिनाभर त्याने माझी टर उडवली असती. चारचौघांत हसू होईल, एवढ्यासाठी मी गप्प बसलो. माझ्या मूर्खपणाची मला आजही किळस येते.

अठरा तारखेला दुपारपर्यंत सगळं बसवून झालं. डिझेल ओतलं, पाइपांमधली हवा काढली. काम संपलं म्हणून दादाने हातपाय धुतले, दुपट्टा पुन्हा गळ्याला गुंडाळला. काम करताना तो गळ्यात दुपट्टा कधीच ठेवायचा नाही. मी केबिनमध्ये चढलो. दादा समोर नाकापाशी उभा होता. तेवढ्यात त्याला पंख्याचा पट्टा ढिला दिसला असावा, आणि तो आत वाकला असावा...

मला दिसलं नाही. मी विचारलं, "हात?"

"बाहेर."

स्वच्छ, ठणठणीत. दादाचा आवाज.

एक क्षण मला कालचं आठवलं. खरं सांगतो, आठवलं. उतरून बघावं असंही वाटलं. पण आज तर दादा समोरच आहे, असं मनाला सांगून मी सेल्फ मारला.

इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं.

मग कापड फाटल्यासारखा आवाज आला. इंजिन थोडं दबलं... आणि पुन्हा मोकळं फिरू लागलं.

मी बंद करायची वायर ओढली. उतरलो. पुढचं लिहीत नाही. दादा जागीच गेला होता आणि वहिनी दारात उभी होती. तिच्या हातात आम्हा दोघांसाठी ताकाचे पेले होते.

पोलिसांनी अपघात लिहिला. मी भंगारवाल्याकडे गेलो. ते इंजिन कोणत्या ट्रकचं, तो ट्रक कुठला, त्याला काही सांगता आलं नाही.

तेराव्या दिवशी वहिनीने मला समोर बसवलं.

"भाऊजी, तुमी हाक देल्ली होती?"

मी हो म्हणालो. ती म्हणाली, तुमची हाक मी आतून ऐकली, पण त्यांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मी शपथेवर सांगितलं की उत्तर आलं होतं.

"याच्या आंधी असं कधी झालतं का?"

"नाही," मी म्हणालो.

पावसाळा लागला. ट्रक तसाच उभा. विकायचं नाव काढलं की वहिनी जेवण सोडायची. एका दुपारी मी शेतातून लवकर आलो तर वहिनी केबिनमध्ये, स्टिअरिंगमागे माझ्या जागेवर बसलेली. मी कडुनिंबाआड थांबलो.

"हात?" तिने हळूच विचारलं.

...

"बाहेर."

नाकाखालून. दादाचा आवाज. तोच, जरासा घसा बसलेला.

वहिनी हसली. लग्नानंतरच्या दिवसांत हसायची तशी. मला रडू फुटलं.

ती रोज जाऊ लागली. मी बॅटरी काढून घरात ठेवली. पण त्या आवाजाला बॅटरी लागत नव्हती. शेवटी मला राहवलं नाही. एका दुपारी केबिनच्या पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. सतराचं. मी लपवलेलं. तिच्याशी खोटं बोललो तेही. ती मला मारेल, शिव्या देईल, घराबाहेर काढेल, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"माहीत हाये मले," ती स्टिअरिंगवर हात फिरवत म्हणाली. "त्यायनंच सांगतलं."

तो आवाज मला एका शब्दापुरता माहीत होता. तिच्याशी तो आणखी काय काय बोलतो, देव जाणे. देव म्हणायची आमच्यात पद्धत नाही, तरी म्हणतो.

वहिनी माझ्यावर रागावली नाही. रोज वेळेवर वाढते, भाकरी गरम असते. फक्त दुपारी, केबिनमध्ये बसल्यावर, मला हाक मारते. आवाजात राग नसतो, नुसती विनंती असते.

"भाऊजी, थे म्हनते का पट्टा ढिला हाये. जरा वाकून पाहा न तुमी. मी इथं बसतो."

मी जात नाही. दाराशी उभा राहतो. महिना झाला, एकही दुपार चुकलेली नाही.

काल पाहिलं तर बॅटरी घरात नव्हती. कुठे गेली, मी विचारलं नाही.

मला वहिनीची भीती वाटत नाही. त्या आवाजाचीही आता तितकी नाही. भीती याची वाटते की एखाद्या दुपारी ती हाक मारेल आणि मी जाऊन वाकेन. कारण तिने मागितलं ते फार आहे, असं मला आताशा वाटेनासं झालं आहे.

आता एक वाजला आहे. ती ताटं घासते आहे. घासून झाली की ती अंगणात जाईल.