निंबाच्या नावाची सव्वा मूठ

कानबाईच्या रोटासाठी भागीरथी गहू काढायला बसली होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, ही खानदेशातून सुरतेत तिच्याबरोबर आलेली रीत. मुलाच्या, ललितच्या नावाचे काढले आणि हात सवयीनं पुन्हा डब्यात गेला. नवऱ्याच्या नावाचे गहू सुपात पडले, तेव्हा कुठे तिला आठवलं. निंबा होळीच्या आधीच गेला होता. गावी जाताना एसटीत आधी चढून, रुमाल टाकून तिची जागा धरणारा माणूस. या प्रवासाला मात्र एकटाच पुढे निघून गेला.

"आई, परत टाका ना डब्यात," सून हर्षदा हळूच म्हणाली.

"देवीच्या नावाचं काढलेलं परत टाकतात का, वेडाबाई? तिनंच हात घालायला लावला, तीच बघेल."

रविवारी कानबाई बसली. बमरोलीतले खानदेशी कामगार सुट्टीवर, म्हणून गल्लीतले सगळे माग बंद. रात्रंदिवस खडखडणारी ती वस्ती अशी गप्प झाली, की समईची वात तडतडली तरी दचकायला व्हावं. धूप, केळीच्या ओल्या खांबांचा वास आणि त्यात कुठूनसा मागाच्या तेलाचा वास मिसळलेला.

दिवेलागणीला भागीरथी आतल्या खोलीत गेली. ललित लॅपटॉपसमोर डोकं धरून बसला होता.

"काय व्हयनं रे?"

"माय, साफसफाई करताना माझ्या हातून शेठच्या मशीनमधली सगळी साड्यांची डिझाइनं पुसली गेली. दुसरी प्रत नाही. शेठचा फोन आला होता. म्हणतो, सवारे डिझाइन जोईए, नहीं तो हिसाब लई ले."

सकाळी डिझाइनं हवीत, नाहीतर हिसाब, म्हणजे नोकरी गेली. भागीरथी त्याच्याजवळ टेकली. "मग त्या मशीनमध्येच शोध की नीट. कुठंय ते?"

"कुठंच नाही. भाड्याचं असतं. दूर कुठल्यातरी मोठ्या यंत्राच्या पोटात नुसतं भासापुरतं."

"अगं बाई, अंगच नाही?"

एवढ्या काळजीतही ललितला हसू आलं. "आहे असं ते सांगतं. एक कमांड दिली, की प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सगळं अंग ओळीनं वाचून दाखवतं. हे बघ."

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उतरू लागल्या. ललितचं बोट मध्येच थांबलं.

"ही दुसरी डिस्क... मी नाही लावली."

"शेठनं लावली असेल."

"त्याला पासवर्डसुद्धा ठाऊक नाही, माय..."

बनवणाऱ्याचं नाव रिकामं होतं. खाली फक्त नंबर. भागीरथीला इंग्रजी येत नव्हतं, पण तो आकडा तिनं झोपेतही ओळखला असता. तोच आकडा कोरलेला मागाच्या कारखान्याचा पितळी बिल्ला रोज डब्याबरोबर तिनंच निंबाच्या हातात दिला होता. आता तो त्याच्या फोटोला अडकवलेला होता. ललितनंही मान वळवून तिकडेच पाहिलं.

"उघड," ती म्हणाली.

"माय, मला भीती..."

"बापाला काय भ्यायचं? तुझे नाना आहेत रे. उघड."

आत सगळी डिझाइनं होती. एकूण एक. ललितनं ती उतरवून घ्यायला लावली, आणि त्याच क्षणी त्या मुक्या वस्तीत एक माग सुरू झाला. खट्-खटाक... खट्-खटाक... निंबाच्या कारखान्याच्या बाजूनं.

हर्षदा दारात आली. "कारखान्याला तर कुलूप आहे ना... मग कोण चालवतंय?"

शेवटचं डिझाइन उतरलं आणि माग थांबला. ललितनं पुन्हा कमांड दिली. ती डिस्क नव्हती.

भागीरथीनं कानबाईपुढे पदर पसरला. "आई, लेकराची भाकर राखलीस गं." निंबाच्या वाट्याचा रोट तिनं मायलेकात वाटून खाल्ला, आणि सोमवारी तापीवर देवीला निरोप देताना तिचे डोळे भरून वाहिले. त्यात दुःख थोडं होतं, उपकाराची जाण फार.

शेठनं पुढे नवं मशीन घेतलं. जुनं ललितनं स्वतःच्या हातानं पुसून टाकलं.

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी त्यानं चुकून जुन्याच पत्त्यावर कमांड दिली. उत्तर आलं. प्रोसेसर नाही. मेमरी नाही. फक्त ती डिस्क, तोच नंबर.

"माय, याला नेटवर्कसुद्धा नाही... मग उत्तर येतंय कुठून?"

भागीरथीनं आधी हात जोडले. मग वाकून पाहिलं. त्या ओळीखाली हळूहळू दुसरी ओळ उमटत होती. आणखी एक डिस्क. तिच्या नंबराची जागा रिकामी होती.

ललितचा हात पुढे गेला, तो तिनं घट्ट धरला.

"तू हात लावू नकोस. ती तुझी नाही."

"मग कुणाची?"

भागीरथीला कधी कुठल्या कारखान्याचा बिल्ला मिळालाच नव्हता. त्या रिकाम्या जागेकडे पाहताना तिच्या ओठांवर हसू आलं.

"रुमाल टाकून ठेवलाय," ती म्हणाली.

बाहेर सगळे माग चालू होते. त्यातला निंबाच्या कारखान्याच्या बाजूचा एक तेवढ्यात थांबला.