बोटीखालचा हात

बोट आणायला गेलो तेव्हा तळ्यावर अजून बर्फ होता. मार्लिसच्या आईचं शेत विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाचा निरोप आला होता, की कोठारामागे एक जुनी ॲल्युमिनियमची बोट पालथी पडली आहे. न्यायची तर न्या, नाहीतर भंगारात देतो. ट्रकला ट्रेलर जोडला, गेलो, घेऊन आलो. बोटीच्या पोटात उंदरांनी संसार थाटले होते, तळाचे पत्रे जोडणारे रिव्हेट खिळखिळे झाले होते; बाकी बोट धड होती. मला ती बघताक्षणी आवडली. निवृत्त माणसाला एवढं सुख पुरतं.

"ही कशाला आणलीस, ऑरिन?" गॅरेजच्या दारातून मार्लिस म्हणाली.

"भंगारात गेली असती."

"गेली असती तर गेली असती." आणि ती आत निघून गेली.

बोट तिच्या भावाची, व्हर्नरची. एका ऑक्टोबरात तो बदकांच्या शिकारीला म्हणून पाण्यावर गेला आणि संध्याकाळी बोट तेवढी लव्हाळ्यात अडकलेली सापडली. आत थेंबभर पाणी नव्हतं. सीटवर त्याचे हातमोजे एकावर एक ठेवलेले होते. व्हर्नर काही सापडला नाही. आमचं तळं खोल आणि गार. त्याने घेतलेलं ते परत देत नाही. तेव्हापासून मार्लिसने पाण्यावर पाऊल टाकलं नव्हतं. घर तळ्याकाठी, दारासमोर आमचा स्वतःचा धक्का, आणि ही बाई उन्हाळाभर खिडकीतून पाणी बघत बसायची. मला ते बघवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी जुनी विजार चढवून ती गॅरेजमध्ये आली.

"मला काय करायचंय ते सांग," ती म्हणाली. "ही पाण्यात जाईल त्या दिवशी मी हिच्यात बसणार. एकदाच. मला त्याला भेटून यायचंय."

मी लोखंडी ठोकळा तिच्या हातात दिला.

रिव्हेट एकट्याने बसत नाही. बाहेरून एकाने हातोडा मारायचा आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे रिव्हेटचं टोक चेपून पसरतं. बोट पालथी, तेव्हा आतला माणूस बोटीखाली उताणा. हातोड्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी पिताना आम्ही आमच्यापुरत्या खुणा ठरवल्या. आतून एकदा वाजलं की आणखी मार. दोनदा वाजलं की बसला. तीनदा, बिघडला, काढून टाक. "आणि चारदा वाजवलं तर मला पाय धरून बाहेर ओढ," मार्लिसने वर जोडलं. जुनी गादी खाली सरकवली, तिच्यावर ती आडवी झाली आणि काम सुरू झालं.

चाळीस वर्षांच्या संसारात झालं नसेल एवढं भांडण त्या बोटीवरून झालं. "ऑरिन, माझं डोकं इथे आहे, रिव्हेट तिकडे आहे," असं खालून ऐकू यायचं. निम्मे रिव्हेट वाकडे बसायचे. पण आम्ही मजेत होतो. छपरावरचा बर्फ वितळून टपटपत असायचा, घरातून वेलदोड्याच्या पावाचा वास यायचा, आणि वाकडा रिव्हेट काढताना दोघंही हसायचो.

एका दुपारी मी तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याचे रिव्हेट घेतले. तळाचा सगळा भार त्यांच्यावर. हातोडा मारला. खालून दोन ठोके. पुढचा मारला. दोन ठोके. एकही वाकडा नाही, माथे कसे सपाट बसत होते. बसला बुवा हिचा हात, मी मनात म्हटलं. तळ्याच्या तळचा असतो तसा गार, चिखलट वास येत होता. बोट जुनी, वास येणारच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराकडचं दार उघडलं. मार्लिस पिठाच्या हातांनी उभी होती.

"एकटाच काय ठोकत बसलायस? तू रिव्हेट शोधत होतास तेव्हाच मी सरपटत निघून आत आलेय, पाव भट्टीत टाकायचा होता."

ती परत वळली. माझा हातोडा वरच्या वर राहिला. खालून एक ठोका आला. आणखी मार.

मी मारला. काय करणार, रिव्हेट अर्धा ठेवता येत नाही. खालून दोन ठोके आले... आणि मग काहीच नाही.

धीर करून मी वाकून पाहिलं. गादी होती. गादीवर ठोकळा होता, आणि तो हाताला चिकटेल इतका थंड होता.

घाबरलास का, असं विचारशील, तर थोडा वेळ घाबरलो. पण मग मला बरं वाटायला लागलं. व्हर्नर, मी म्हटलं. बहीण बसणार आहे म्हणून भाऊ बोट नीट करून देतोय. याच्यात वाईट काय आहे? मार्लिसला सांगितलं नाही. सांगायला योग्य जागा पाण्यावरच आहे, असं मला वाटलं. त्यानंतर कण्याचं काम काढलं की मी तिला काही ना काही निमित्ताने आत पाठवत असे. खालचा हात कधी चुकला नाही. कणा आम्ही दोघांनी पुरा केला, मी आणि त्याने.

मेच्या अखेरीस संध्याकाळी बोट पाण्यात सोडली. मार्लिस पुढच्या सीटवर, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. तळ्याच्या मध्यावर मी इंजिन बंद केलं. आत एक थेंब नव्हता. दूर एक पाणपक्षी रडल्यासारखा ओरडला आणि गप्प झाला.

"इथेच कुठेतरी असेल का तो?" तिने विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. ती रडेल आणि मोकळी होईल, असं मला वाटत होतं. ती रडली नाही.

"कुठल्या खुणा करायचा?"

"आपल्याच. एक, आणखी मार. दोन, बसला."

"ऑरिन... त्या आपण टेबलाशी बसून ठरवल्या ना... याच वर्षी."

"हो."

"मग व्हर्नरला कोण सांगणार?" तिचा आवाज अगदी खाली आला. "आणि त्याला साधा खिळा सरळ ठोकता यायचा नाही. सगळे हसायचे त्याला."

ज्या कण्यावर आम्ही दोघं बसलो होतो, त्याचे सगळे रिव्हेट त्याच हाताचे होते. "परत फिरू?" मी विचारलं.

तिने वाकून बोटीच्या तळाला तळवा लावला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "थोडं बसू. इतकी वर्षं मी घाबरून काढली."

आणि आम्ही बसलो. खोटं कशाला सांगू, भीती पोटात असूनही मी सुखात होतो. माझी बायको पाण्यावर होती आणि तिच्या चेहऱ्यावर ऊन होतं.

धक्क्याला लागलो. आधी ती उतरली, मग मी. दोर बांधला. दोन माणसं उतरली की हलकी बोट चांगली वीतभर वर येते. ही आली नाही. कुणीतरी आत बसून असल्यासारखी ती पाण्यात दबूनच राहिली.

"पाणी शिरलं असेल," मी म्हणालो. दोघांनाही दिसत होतं, आत पाणी नव्हतं.

मार्लिस गुडघ्यांवर बसली. "व्हर्नर?"

बोट हलली नाही.

"व्हर्नर, मी आहे... मार्लिस."

काही नाही. तिचा चेहरा पडला. मीच तिला आशा लावली होती, आणि त्या क्षणी मला स्वतःचा राग आला.

"तो नाहीये हा," ती म्हणाली.

"चल घरी." मी तिचा दंड धरला.

ती उठली, पण निघाली नाही. माझ्या बायकोने आमच्याकडे काम केलेल्या कुणालाही आजवर कॉफी दिल्याशिवाय जाऊ दिलेलं नाही. नळ दुरुस्त करणारा असो, नाहीतर बर्फ उपसणारा. तिने बाहीने डोळे पुसले आणि दारात आलेल्या माणसाशी बोलावं तशी ती रिकाम्या बोटीशी बोलली.

"तू कोण आहेस ते मला माहीत नाही. काम छान केलंस. तसाच जाऊ नकोस. कॉफी ठेवते."

"मार्लिस..." मी म्हणालो. पण तिचं बोलून झालं होतं.

बोट एका बाजूला कलली, आणि मग अलगद वीतभर वर आली. धक्क्याच्या टोकाची फळी करकरली. मग तिच्या अलीकडची.

धक्का अरुंद आहे. आधी कोण सरकलं ते मला आठवत नाही, पण आम्ही दोघंही दोन कडांना उभे राहिलो आणि मधली वाट मोकळी सोडली. वर घराचं जाळीचं दार उघडलं आणि लागलं.

मार्लिसने केस सारखे केले.

"साखर घेत असेल का रे?" तिने हळूच विचारलं.