कोपऱ्यातला टेकू

काचेचा तो ठोकळा सहा टन भार सहज पेलेल अशी डॉ. शर्वरी निंबाळकर यांची अपेक्षा होती. दाबयंत्राचा काटा सहाशे किलोंवर आला आणि ठोकळ्याचा भुगा झाला.

"हा कितव्या मजल्याचा?" त्यांनी विचारलं.

"पाचव्या," त्यांचा सहकारी, बांधकाम अभियंता तय्यब मुजावर म्हणाला. "पहिला, दुसरा, चौथा आणि सहावा काल तपासले. सगळे असेच निघाले."

सात वर्षांपूर्वी कऱ्हाडला 'संगमदर्शन' ही सहा मजली इमारत उभी राहिली, तेव्हा लांबून लांबून माणसं ती बघायला आली होती. तिच्या नदीकडच्या कोपऱ्याला खांबच नव्हता. दर मजल्यावर दोन काचा काटकोनात एकमेकींना भिडलेल्या, आणि वरचा स्लॅब थेट त्यांच्या डोक्यावर. कोपऱ्यातला खांब गेला की दोन दिशांनी उजेड येतो आणि दहा बाय दहाची खोलीही ऐसपैस वाटते, हे घर बांधणाऱ्या कुणालाही कळतं. अडचण एवढीच, की खांबाचं काम काचेनं कसं करावं? ते उत्तर शर्वरीबाईंनी शोधलं होतं. त्यांनी भार पेलणारी नवी काच बनवली आणि तिला नाव दिलं अस्थिकाच. हिच्या पोटात सूक्ष्म कण असतात. जिथे भार पडतो तिकडे ते हळूहळू सरकतात आणि तिथली काच घट्ट करतात. साधी काच वापरून थकते, ही वापरून तयार होते.

तरीही, खबरदारी म्हणून, बाईंनी प्रत्येक मजल्यावर त्या कोपऱ्यात एकेक पोलादी टेकू लावून घेतला होता. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाईंचं तोंड कधी भाजलंच नव्हतं, त्या नुसत्याच फुंकत होत्या.

"तिसरा मजला राहिला," मुजावर म्हणाला. "हैबती लोहार म्हणून कोणी आहेत. नमुना कापू देत नाहीत. आणि मॅडम, त्यांच्याकडे टेकूच नाही. त्यांनी तो काढून टाकलाय."

प्रयोगशाळेत सगळ्यांनाच हायसं वाटलं. चोर सापडला की माणसाला बरं वाटतं, आणि शास्त्रज्ञ झाला तरी माणूसच. एका मजल्यावरचा टेकू गेला, भार वेडावाकडा फिरला आणि सगळ्या कोपऱ्याची वाट लागली, असं ठरून गेलं. दुपारपर्यंत आदेशही तयार झाला: तिसऱ्या मजल्यावरची काच उतरवावी, कोपरा विटांनी बंद करावा, रहिवाशांनी घर सोडावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीबाई तो आदेश घेऊन स्वतः कऱ्हाडला गेल्या. दार हैबतींनी उघडलं. सत्तरीचा काटक माणूस, चाळीस वर्षं सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबखाली टेकू लावण्या-काढण्याचा मिस्त्री. आत कोपऱ्यात, दोन्ही काचांना लागून एक खाट होती, आणि खाटेवर त्यांच्या पत्नी अनुसयाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली त्याला सहा वर्षं झाली होती.

"या, बसा," अनुसयाबाई म्हणाल्या. "हिकडनं किष्णामाई दिसती, तिकडनं कोयना. घाटावर कोन आलं, कोन गेलं, समदं मला हितनं कळतंय. ही खिडकी नसती तर कवाच गेली असते बघा मी."

बाईंना आदेश पर्समधून काढवेना. "आधी फक्त मोजमाप घेतो, मावशी. काच कापणार नाही," त्या म्हणाल्या. मुजावरनं काचेवर ताणदर्शक लावला. पडद्यावर आकडे आले. त्यानं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, तेव्हाही तेच आकडे आले.

"मॅडम, वरच्या तीन मजल्यांचा कोपरा ही एकटी काच उचलून आहे," तो म्हणाला. "आणि हिची ताकद आपल्या अंदाजाच्या दुप्पट भरतेय."

शर्वरीबाई खाटेच्या कडेवर बसल्या. "काका, टेकू कधी काढलात?"

"हितं ऱ्हायला आल्यापासनं एकविसाव्या दिशी," हैबती म्हणाले. "आमच्यात तसंच असतंय. टेकू ईस दिसांचा पावना. त्याच्यापुढं ऱ्हायला की स्लॅब आळशी हुतो, आमचा म्हातारा सांगायचा."

"स्लॅब आळशी होत नाही, काका," मुजावर हसत म्हणाला.

"स्लॅब होत नसेल," बाई सावकाश म्हणाल्या. "मुजावर, पाय मोडून प्लास्टरमध्ये ठेवला तर काय होतं?"

"बारीक होतो. हाडही विरळ होतं. भार नसला की शरीर..." मुजावर मध्येच थांबला.

"पोलाद काचेपेक्षा ताठ. सगळा भार टेकूनंच घेतला. बाकीच्या पाच मजल्यांवरच्या काचांना सात वर्षं काही कामच मिळालं नाही, म्हणून त्या पोकळ झाल्या. हिला पहिल्या महिन्यापासून मिळालं, म्हणून ही हाडासारखी भरली." बाईंनी पर्सवर हात ठेवला. "आणि आज ही काच उतरवायचा आदेश मी सही करून आणलाय. उतरवली असती तर वरचे तीन मजले मावशींच्या खाटेवर आले असते."

मग मात्र त्यांनी आदेश बाहेर काढला, दोघांसमोर त्यावर आडवी रेघ मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवा लिहायला घेतला. पाच मजल्यांवरची माणसं आजच दुसरीकडे हलवायची. तिथले टेकू एकदम काढायचे नाहीत. त्यांचे स्क्रू रोज पाव आटा सैल करायचे, म्हणजे आजारी काचा हळूहळू आपल्या पायावर उभ्या राहतील. वर्ष लागेल. तोवर कोपरा तिसऱ्या मजल्याच्या भरवशावर. आटे कुणी फिरवायचे, यावर त्यांनी मान वर करून हैबतींकडे पाहिलं.

"फिरवीन की," हैबती म्हणाले. "जल्मभर त्येच केलंय."

बाईंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. हैबती संकोचून मागे सरले.

"तुमचे उपकार कसे फेडू, काका? माझ्या काचेवर माझा स्वतःचा विश्वास नव्हता. सात वर्षं तो तुम्ही एकट्यांनी ठेवलात."

"इस्वास कसला, बाई," हैबती म्हणाले. "मला वाटलं, तुमची मान्सं टेकू काढायचा इसरली."