दुसरा रिमोट

ठमी त्या रविवारी दुपारी दादाकडे, त्यांच्या जुन्याच घरी, गेली ती अगदी साध्या कामाला. लहानपणचा परदेशी व्हिडिओ गेम आणि त्याच्याबरोबरचा परदेशी टीव्ही संध्याकाळी एक हौशी माणूस विकत न्यायला येणार होता, आणि त्याआधी ते चालतात का हे बघायचं होतं. ठमी चष्म्याच्या दुकानात कामाला. बारीक स्क्रू ड्रायव्हर तिच्या पर्समध्ये कायम असतो. दादा विमा विकतो. त्याच्या हातात स्क्रू दिला तर तो स्क्रूचीही पॉलिसी काढेल.

गेम त्यांच्या बाबांनी आणला होता. बाबा जहाजावर स्वयंपाकी. कुठल्याशा बंदरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी तो उचलला, पण घरच्या टीव्हीवर त्याचं चित्र काळंपांढरं दिसायचं आणि सारखं वर सरकायचं. मुलांची पडलेली तोंडं पाहून बाबांनी पुढच्या खेपेला तिकडचाच एक वापरलेला टीव्ही आणला, आणि त्याला लागणारा विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. पडद्यावरची अक्षरं घरात कुणालाच वाचता येत नव्हती. गेम खेळायचे वायरवाले रिमोट दोन होते. पहिला नव्यासारखा, दुसऱ्याची बटणं मात्र आली तेव्हाच झिजून गुळगुळीत झालेली.

पहिला दादाचा, दुसरा ठमीचा. पहिल्याने निळा माणूस चालायचा, दुसऱ्याने छोटा पिवळा. भुयारात पाणी चढत यायचं आणि शेवटी एक लोखंडी दार. पिवळ्याने ते उचलून धरायचं, निळ्याने खालून निसटायचं. मग दार धाडकन पडायचं. निळा पुढच्या भुयारात, पिवळा मागे, पाण्यात. ठमी दर वेळी रडायची, तरी दर वेळी दार धरायची. शाळेत गणित, धावणं, गाणं, कशातच तिचा नंबर नव्हता. पण आपल्याशिवाय दादाचं त्या दारापाशी पान हलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिने मोठेपणीही कुठेतरी जपून ठेवलं होतं.

ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. टीव्हीची काच सरसरली, तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला, आणि पडद्यावर निळा आणि पिवळा शेजारी शेजारी उभे राहिले.

"माझा रिमोट दे," ठमी म्हणाली.

दादा फिसकन हसला. "अगं ठमे, तो कधी जोडलेलाच नव्हता! मी वायर कपाटामागे टाकून द्यायचो. तू आपली बटणं दाबत बसायचीस."

"काहीतरीच काय?"

"तुला गप्प बसवायला गं. सारखी मध्ये मध्ये करायचीस. पिवळा आपोआपच चालतो."

ठमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे हसण्यासारखं होतं? डोक्यावरचे केस पिकायला लागल्यावर हा सांगतो, आणि तेही दात काढत! जन्मात एका गोष्टीचा तिला अभिमान होता, तीही याने वायरीबरोबर कपाटामागे टाकली होती.

"आपोआप चालतो ना? मग चालव," ती म्हणाली.

दादाने निळ्याला पळवलं. निळा दारापाशी पोचला. पिवळा जिथे होता तिथेच. पाणी आलं, निळा बुडाला. दादाने पुन्हा सुरू केलं. निळा पुन्हा बुडाला.

"बिघडला असेल," दादा पुटपुटला.

"काही बिघडलेला नाही. तू वायर जोडायचास आणि आता विसरलायस. थांब, दाखवते तुला."

तिने स्क्रू काढून गेमच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आत वाकून पाहिलं. पहिला रिमोट जोडायच्या भोकामागे तारांचा झुबका होता. दुसऱ्याच्या मागे काहीच नाही. एकही पीन नाही, तार नाही, नुसतं सपाट प्लास्टिक. तिथे काही जोडताच आलं नसतं.

दादाचं हसू मावळलं. "मग... दार कोण धरायचं?"

"तेव्हा करायचास तसंच कर," ठमी झाकण बसवत म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "टाक वायर मागे."

दादाने वायर कपाटामागे सोडली. ठमीने रिमोट हातात घेतला आणि बटण दाबलं.

पिवळ्याने पाऊल टाकलं.

"बघ! मीच होते, बघ!" तिने आनंदाने दोन्ही हात वर केले. रिमोट मांडीवर पडला.

पिवळा चालतच राहिला.

"ठमे... तू दाबतेयस ना?"

"नाही..."

पिवळा दारापाशी जाऊन उभा राहिला. निळा मागून आला, तरी पिवळ्याने दार उचललं नाही. तो वळला आणि पडद्यातून बाहेर बघत थांबला. असा तो कधीच वळला नव्हता. मग निळ्याने खाली वाकून दार उचललं.

"मी नाही करत हे," दादा दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबत म्हणाला. "तो माझं ऐकतच नाहीये..."

पिवळा दाराखालून पलीकडे गेला. दार पडलं. निळा पाण्यात उभा राहिला, आणि दादा बटणं दाबतच राहिला, अगदी ठमी लहानपणी दाबायची तसा.

ठमी घाबरली होती, पण भीतीच्याही आधी तिला चीड आली, स्वतःचीसुद्धा. "कुणीतरी आपल्यासाठी दार धरत होतं दादा. रोज बुडत होतं. आणि आपण दोघं भांडतोय, कोण खेळलं म्हणून!"

"बंद कर आधी ते. गुंडाळ सगळं."

तिने रिमोट उचलून वायर ओढली. ती येईना.

"अडकली असेल," म्हणत दादा मोबाइलचा उजेड पाडून कपाटामागे वाकला. त्याने हात घालून चाचपून पाहिलं.

"ठमे... टोक इथे खाली पडलंय. मोकळं. कशातच अडकलेलं नाही..."

ठमीच्या मुठीत वायर ताणलेली होती. मोठ्यांचं लक्ष नसलं की लहान मूल बाही ओढतं, तशी ती हळूच दोनदा ओढली गेली.