पान एकशे बाराची दुरुस्ती

दादाची कादंबरी वाईट नव्हती. वाईट असती तर निदान हसता तरी आलं असतं. ती मिळमिळीत होती. लहानपणी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात आम्ही भुतं शोधायला जायचो, त्यावर तीनशे पानं, आणि भुताचा पत्ताच नाही! वीस वर्षं प्रुफं तपासतेय. पण सख्ख्या भावाचं पुस्तक तपासणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

खरं दुखणं वेगळंच होतं. कादंबरीत दादा होता, मधला होता, शेजारची जुळी भावंडं होती. मी कुठेच नव्हते. अरे, शेंडेफळ ना मी? त्या कारखान्यातून बाहेर आल्यावर डोळ्यांवर आलेलं ऊन मला अजून आठवतं. त्याच्या आधीचं मात्र काही आठवत नाही. मी फारच लहान असेन.

आमची पद्धत जुनी. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसरीने छापील पानावर लाल पेन चालवायचं. वाचणारीला आम्ही मैना म्हणतो, कारण ती लग्नपत्रिका आणि खून एकाच सुरात वाचते. पेन देताना माझा हात लागला की ती अजूनही दचकते. माझे हात बारमाही गार. आई म्हणायची, "कार्टीला बर्फात घालून आणलीय!"

"चौघं आत गेलो स्वल्पविराम दार ओढून घेतलं पूर्णविराम," मैना वाचत होती. पान उलटून म्हणाली, "पाचजण बाहेर आलो पूर्णविराम."

"थांब. चौघं गेले, तर पाच कसे आले? दादाचं गणित म्हणजे आनंदच!"

मी 'पाचजण'वर काट मारली आणि समासात 'चौघं' लिहिलं.

"आकडा बदलायचा तर लेखकाला विचारायचं असतं ना?"

"माझाच भाऊ आहे तो," मी म्हणाले. रागच आला होता मला.

मैना जेवायला गेली. चहावाला आला, तिच्या जागेवर कप ठेवून वळला. रोज दोन ठेवतो. "अहो, माझा?" मी विचारलं. तो शीळ घालत निघून गेला.

मी दादाला फोन लावला.

"एकशे बारावरची चूक सुधारली रे. आणि अख्ख्या पुस्तकात मला जागा नव्हती?"



"तीच तुझी जागा होती, चिमे," तो म्हणाला. "चौघं गेलो होतो. बाहेर येऊन डोकी मोजली, तर पाच. मधल्याचा हात धरून तू उभी होतीस, नखशिखांत ओली. घाबरून कोणी बोललंच नाही. घरी आईने काही न विचारता तिसरं ताट घेतलं."

"पुरे झाली चेष्टा."

"नंतर तू आमचीच झालीस. बाकी पुस्तक भिकार आहे, मला कळतं. ते एक वाक्य तेवढं राहू दे."

"राहू देते, दादा. आत्ताच करते."

"हॅलो?"

"राहू देते म्हटलं!"

"हॅलो? कोण बोलतंय?"

मागून वहिनीने विचारलं, "कोणाचा फोन?"

"कुणास ठाऊक. आवाजच येत नाही."

मी पेन उचललं. 'आहे तसंच ठेवा' एवढंच लिहायचं होतं. दोनदा गिरवलं. शाई उमटली नाही.

मैना परत आली. मी हाक मारली. मग ओरडले.

तिने पान उचललं. "चौघं बाहेर आलो पूर्णविराम," तिने वाचलं आणि खाली सही केली.

मग तिची नजर माझ्या खुर्चीकडे गेली.

"इथे पाणी कोणी सांडलं?" ती स्वतःशीच पुटपुटली. फडकं आणून तिने खुर्ची नीट कोरडी केली.