कडूलिंबाखालची पिकअप

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला लागून पुंजाजी मिस्त्रींची टिनाची शेड आहे. चाळीस वर्षं जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर दुरुस्त करून हात काळे झाले ते झालेच. परवा संध्याकाळी लाइट गेली आणि डास सुटले, तेव्हा आचल आणि प्रतीक्षा या दोघी नाती अन् शेजारची खुशी, अशा तिघी त्यांच्या बाजेभोवती येऊन बसल्या. खुशी नुकतीच गाडी शिकायला लागली होती. तिनं सहज विचारलं, की भर रस्त्यात गाडी बंद पडली अन् सेल्फही लागला नाही, तर माणसानं करायचं काय?

पुंजाजी बाजेवर सरसावून बसले. मग म्हणाले, "सांगतो. पन हे आयकीव नाही बरं. आपल्या कुंदनसोबत झालेलं हाय."

कुंदनला त्या तिघी ओळखत होत्या. पुंजाजींच्या हाताखाली शिकलेला, तिशी ओलांडलेला, घरचा शेवंती-झेंडूचा मळा. हे झालं त्याच्या आठ वर्षं आधी अकोटच्या एका बंद पडलेल्या जिनातून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, त्यानं भंगारात निघालेली पिकअप उचलली होती. चोपन्न सालची. गोल नाकाची, बाहेर आलेल्या डोळ्यांसारखे दिवे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. दोन वर्षं तो आणि पुंजाजी तिच्यामागे लागले होते. पिस्टनच्या रिंगा मुंबईहून आल्या, हौद्याच्या फळ्या सागाच्या, रंग फिकट निळा. आता लग्न ठरलेली पोरं-पोरी त्या गाडीला टेकून फोटो काढून घ्यायची आणि कुंदन ती घरच्या फुलांनी सजवून द्यायचा. त्यावर घर चालायचं असं नाही, पण त्याचा जीव तिच्यात होता.

अशी गाडी म्हणजे दुभती म्हैस. रोज बघावं लागतं. सकाळी तेलाची काडी ओढून पाहायची, रेडिएटरचं झाकण काढून बोट बुडवायचं, आठवड्यातून एकदा पॉइंट घासायचे, चाकांच्या सांध्यांना ग्रीस भरायचं. कुंदन घरून गोड्या पाण्याची कॅन घेऊन निघायचा. अकोट रस्ता खारपाणपट्ट्यातून जातो. तिथल्या हापशीचं पाणी रेडिएटरमध्ये गेलं की वर्षभरात आतून खडू जमतो. हे सगळं त्याला पुंजाजींनी शिकवलेलं, आणि त्याच्याही वर एक गोष्ट शिकवलेली. सेल्फ लागला नाही तर गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून इंजिन हातानं फिरवायचं, पण हँडल मारायला पुढे जायच्या आधी गिअर हलवून बघायचा. एकदा नाही, तीनदा; गिअर अडकलेला राहिला तर गाडी चालू होताच अंगावर येते.

तारीख होती बारा डिसेंबर, दोन हजार तेवीस. वार मंगळवार. अमावस्या होती. अमावस्येला कोणी मुहूर्त काढत नाही, पण फोटोला कुठे मुहूर्त लागतो? अकोटच्या बाजूला एका वावरात फुटलेल्या कपाशीत दिवसभर फोटो चालले. सूर्य बुडाल्यावर कुंदननं फुलांच्या माळा सोडून हौद्यात टाकल्या, चहा घेतला आणि साडेसातला अकोल्याकडे निघाला.

पिकअप चाळिसाच्या वर पळवायची नाही. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, स्टिअरिंग चार बोटं फिरलं की मग कुठे चाक वळतं. मागून गाड्या हॉर्न मारमारून जीव खातात. म्हणून चोहोट्टा गावाच्या पुढे त्यानं डांबरी सोडली आणि वावरांमधून जाणारा जुना रस्ता धरला. तीन-चार किलोमीटर गेलं की परत डांबरीच लागते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. आठ वर्षांत तो त्या रस्त्यानं एकदाही गेला नव्हता. थंडी होती. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, माणसाच्या डोक्याएवढ्या.

निम्मा रस्ता झाला असेल. इंजिन दोनदा खोकललं आणि बंद पडलं.

वेगात जी काही गाडी पुढे सरकली, तेवढ्यात त्यानं ती बाजूला घेतली. समोर मोठा कडूलिंब होता, त्याच्या बुडाशी नाक करून ती थांबली. मोबाइलमध्ये पाहिलं, आठ पंचेचाळीस. कुंदन घाबरला वगैरे नाही. असं व्हायचंच. बॉनेट उघडलं, मोबाइलच्या उजेडात कार्ब्युरेटरची वाटी काढली. तळाला कचरा होता. जेट तोंडात धरून फुंकला, पेट्रोलची चव थुंकली, वाटी परत बसवली. सेल्फ दाबला, तर नुसता टक् आवाज आला. बॅटरी बसली होती.

मग हँडलच मारायचं. गिअर हलवून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा. मोकळा होता. चाकाला दगड लावायला हवा होता, पण जमीन सपाट वाटली, म्हणून लावला नाही. चोक ओढला, दिव्यांचं बटण सुरूच होतं ते तसंच राहिलं, आणि सीटखालचं हँडल घेऊन तो गाडीच्या पुढे आला. मागे लिंबाचं खोड, पुढे बंपर. मध्ये जेमतेम अडीच हात जागा.

दहा-बारा वेळा हँडल फिरवलं. इंजिन पकडायचं, दोन श्वास घ्यायचं आणि विझायचं. अशा वेळी दुसरं माणूस लागतं. एकानं पुढे हँडल मारायचं, दुसऱ्यानं आत बसून रेस द्यायची. तेवढ्यात बायकोचा, मंजुषाचा फोन आला. त्यानं स्पीकर लावून मोबाइल मडगार्डवर ठेवला. जेवायला किती वाजतील, असं ती विचारत होती. गाडी बंद पडली, पण आता होईलच चालू, असं त्यानं सांगितलं. बोलता बोलता आणखी एक हँडल मारलं.

इंजिनानं पकडलं.

आता विझेल म्हणून तो वाट पाहत राहिला. विझलं नाही. बरोबर ज्या क्षणी ते मरायला लागलं, त्याच क्षणी कोणीतरी हलकी रेस दिली. कुंदनला बरं वाटलं. पुंजाजी म्हणतात, तेवढ्यापुरतं त्याला खरंच बरं वाटलं, कारण हात-पाय आपलं काम करत असतात आणि डोकं मागून येतं.

मग डोकं आलं.

त्या गाडीचे दिवे इंजिनावर चालतात. इंजिन मंद असलं की दिवे लालसर, रेस दिली की पांढरे. आता ते त्याच्या तोंडावर पांढरे होत होते... आणि पुन्हा लाल. पांढरे... आणि लाल. कोणी श्वास घ्यावा तसे. काचेमागचं काही दिसत नव्हतं.

आत गाडीत कोणी नव्हतं. दरवाजा त्यानं स्वतः लावला होता.

"कोन हाय?" तो म्हणाला.

मडगार्डवरून मंजुषाचा आवाज आला. "तुमच्यासंग बाई कोन हाय?"

कुंदन मोबाइलकडे वळला.

"आवो, ते बाई इचारून रायली तुमाले. 'झाली का चालू?' म्हन्ते. कोन हाय ते?"

त्याला कोणत्याच बाईचा आवाज ऐकू येत नव्हता. इंजिन, आणि रातकिडे. बस.

"पुन्हा म्हन्ते. 'सोडू का पाय?' म्हन्ते..."

फोन बंद पडला.

शेडमध्ये खुशीनं पाय बाजेवर घेतले. प्रतीक्षा आचलला खेटून बसली. पुंजाजी सांगत राहिले.

गिअरची काडी हलली. ते मात्र कुंदननं ऐकलं. त्या गाडीत पहिला गिअर पडताना खर्र असा दातांचा आवाज होतो. त्यानं तो हजारदा ऐकला होता, पण दर वेळी आत बसून. पहिल्यांदा बाहेरून ऐकला.

पळावं. कळत होतं, पळावं. पाय उचलेनात.

दिवे पांढरे झाले... आणखी पांढरे.

गाडी सुटली.

बंपर गुडघ्यांना लागला. पाठ लिंबाला टेकली. लोखंड गरम होतं. त्यानं डोळे मिटले.

मग करकर असा आवाज आला. एकदाच. जमिनीतून आल्यासारखा.

...

इंजिन बंद. दिवे बंद. अंधार.

बंपर गुडघ्यांना तसाच टेकलेला होता. एक बोट आणखी सरकला असता तर हाडं गेली असती. किती वेळ तो तसा उभा होता, त्याला सांगता आलं नाही. शेवटी अंग चोरून, खोडाला पाठ घासत तो बाजूला निघाला. काचेकडे पाहिलं नाही. मोबाइलही उचलला नाही. तुरीतून पळत सुटला, डांबरी लागेपर्यंत पळाला. एका दुधाच्या गाडीवाल्यानं त्याला घरी आणून सोडलं तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि त्याच्या हातात हँडल तसंच होतं. मंजुषानं एकेक बोट सोडवून ते काढून घेतलं. पहाटेपर्यंत अंगात ताप भरला.

मंजुषा पहिल्यापासून हिमतीची. सकाळी तिनं पुंजाजींना गाठलं आणि गाडी आणायला मीही येते म्हणाली. कुंदननं तिला सगळं सांगितलं होतं. ती बाई बोलली ते आपण स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हा नवऱ्याला भास झाला असं आपण कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं. दोघं एका जीपवाल्याला घेऊन, जीपमध्ये दोरखंड टाकून निघाले.

नऊच्या सुमाराला पोचले. पिकअप लिंबाखाली उभी होती, खोडापासून वीतभर अंतरावर. तिच्याजवळ एक म्हातारा होता. बाजूच्या वावराचा मालक, उत्तमराव. गाडीभोवती तो फिरत नव्हता. दूर उभा राहून पाहत होता. ही गाडी निळी कधी झाली, असं त्यानं विचारलं. आधी हिरवी होती म्हणाला.

पुंजाजींनी विचारलं, तुमी ओळखता का हिले?

उत्तमराव ओळखत होता. गाडी जिनाची, तिचा ड्रायव्हर देवमन. एकोणऐंशी साल असेल, उत्तमराव तेव्हा चौदा वर्षांचा. तेव्हा अकोल्याला जायचा हाच रस्ता होता. पिकअपचा सेल्फ गेलेला आणि मालक काही बदलून देईना, म्हणून देवमन बायकोला, पार्बताबाईला, सोबत घेऊन फिरायचा. तो पुढे हँडल मारायचा, ती आत बसून क्लच दाबून धरायची आणि रेस द्यायची. नवऱ्यानं सांगितलं तेवढंच तिला यायचं. पाय कुठे ठेवायचा आणि कधी उचलायचा. एक दिवस, दुपारची वेळ, गाडी याच लिंबाखाली उभी होती आणि देवमन गिअर पाहायला विसरला.

"आमी त्या बाजूनं धावलो," उत्तमराव म्हणाला. "तो खोडाले चिपकून गेलता. गाडी थांबेच ना, रेटूनच रायली होती. अन् ते बाई आतमधून आमाले इचारे, इले थांबवतात कशानं? इले थांबवतात कशानं, बापा? कोनाले मालूम? आमी सारे बैलगाडीवाले."

पार्बताबाई त्यानंतर तीस वर्षं जगली, जिनातच सरकी झाडायचं काम करत. कधी कोणत्या गाडीत बसली नाही. माहेरी जायचं तरी पायी. कोणी भेटलं की तेच विचारायची, आणि लोक टाळायचे. मेली तेव्हा पिकअप जिनाच्या मागे गवतात पडलेली होती.

मंजुषानं रात्री फोनवर बाई काय बोलली ते त्याला सांगितलं. तो आवाज कसा होता, म्हातारीचा का, असं उत्तमरावानं विचारलं. तिनं मान हलवली. नाही, म्हणाली. तरण्या बाईचा होता.

दोरखंड बांधून झाला. पुंजाजींनी जीपवाल्याला ओढायला सांगितलं. जीपची चाकं मातीत फिरली, पिकअप हलली नाही. गिअरमध्ये असेल म्हणून पुंजाजी आत चढले. काडी मोकळी होती. पुन्हा ओढलं. नाही हलली. मागची दोन्ही चाकं जाम होती, आणि त्यांच्यामागे, चाकं घसटत आली होती तिथे, मातीत वीतभराचे दोन चर पडले होते.

तेव्हा त्यांचं लक्ष सीटशेजारी गेलं.

हँडब्रेक वर ओढलेला होता. शेवटच्या दातापर्यंत. पुंजाजींनी दोन्ही हातांनी जोर लावला, तो खाली येईना. ते उतरले, गाडीखाली सरपटले आणि वर पाहिलं. दांड्यापासून चाकांकडे जाणाऱ्या केबलची जागा रिकामीच होती. हँडब्रेकची केबल त्यांनी स्वतःच्या हातांनी आठ वर्षांपूर्वी काढून टाकली होती, नवी कधी बसवलीच नव्हती. तो दांडा कशालाही जोडलेला नव्हता.