आईच्या स्वेटरवरचा माइक

आईच्या फ्रिजमध्ये, हेरिंग माशाच्या बरणीशेजारी, कुणाच्या तरी गाडीच्या किल्ल्या होत्या. मी त्या उचलल्या, तर मागून आवाज आला, "ठेव त्या तिथंच."

पायात नुसते मोजे, गळ्यात हेडफोन. हा विगो, आमच्या घरात शूटिंग चाललेल्या सिनेमाचा साउंडवाला.

"फ्रिजची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून बंद केलाय. परत चालू करायला विसरलो, तरी घरी जाताना किल्ल्यांसाठी तो उघडावाच लागेल, मग आठवेल."

"हुशार आहेस."

"छे गं... विसरभोळा आहे."

उत्तर स्वीडनमधल्या हार्नोसांडजवळचं आमचं घर आईने पाच दिवसांसाठी त्या सिनेमाला दिलं होतं. गोष्ट एका आईची आणि मुलीची, दोघींचं पटत नाही. मी कपडेपट सांभाळत होते. माझं आणि आईचंही चार वर्षं धड नव्हतं. बाबांच्या अंत्यविधीला मी आलेच नव्हते. त्यावरून ती कधी भांडली नाही, तेच वाईट. फोनवर आम्ही फक्त बर्फाबद्दल बोलायचो. पाचव्या दिवशी मी स्टॉकहोमला परतणार होते. आईच्या मनातून मी उतरलेय का, एवढं मला त्याआधी कळायला हवं होतं.

"तुम्ही दोघी समोरासमोर बसता ना, तेव्हा कॉफी ओतल्याचा तेवढा आवाज येतो मला," विगो चिडवायचा. मग बघत राहायचा... आणि माझ्या बोटात टाचणी घुसायची.

चौथ्या दिवशी आईला सिनेमात शेजारणीची छोटीशी भूमिका मिळाली. तिच्या स्वेटरला मी आतून माइक लावला. चार वर्षांत तिच्या इतक्या जवळ गेले नव्हते.

"गुदगुल्या होतायत," आई म्हणाली. बस्स, एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत ती माइकसकट कोठीच्या खोलीत गेली. अंगणात विगोने हेडफोन कानाला लावले, झटकन काढले आणि मशीन बंद केलं.

"काय झालं?"

"तुझी आई एकटीच बोलतेय. तुझ्याबद्दल."

"काय म्हणतेय?"

"नाही सांगणार."

"विगो, माझा जीव टांगणीला लागलाय."

"दिसतंय मला. पण ती तुला सांगायची तयारी करतेय... मी मध्येच कशाला तोंड घालू? आत जा."

मी त्याला बावळट म्हटलं आणि बूट काढून आत गेले.

आई बटाट्याच्या पोत्यापाशी उभी होती.

"आई, अजून रागावली आहेस?"

"आहे," ती म्हणाली. "चर्चमध्ये शेवटपर्यंत माझ्याशेजारी तुझी जागा धरून ठेवली होती मी."

"घाबरले होते गं."

"मी नव्हते घाबरले? म्हणून तर तू हवी होतीस." तिने बाहीने डोळे पुसले. "उद्या जाऊ नकोस. रविवारपर्यंत राहा."

मी तिला घट्ट मिठी मारली आणि खूप रडले. आईही रडली.

बाहेर विगो मांडीवर हेडफोन घेऊन बसला होता.

"ऐकलंस सगळं?"

"एक शब्दही नाही."

"मग आता ऐक. मी रविवारपर्यंत इथे आहे. आणि... मला तू आवडतोस."

त्याचे कान लालबुंद झाले. "मलाही," तो म्हणाला, "पहिल्या दिवसापासून." आणि त्याने माझा हात हातात घेतला.

दिग्दर्शिकेने आतून त्याला दोनदा हाक मारली.

"जातोस ना?"

"जातो की," तो म्हणाला, पण हात काही सोडला नाही.